लॅपटॉपच्या खोक्यातली सीडी

वैयक्तिक संगणकाच्या पहिल्या दोन-अडीच दशकांत ऑपरेटिंग सिस्टिम ही हातात धरता येणारी वस्तू होती. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला, तेव्हा पीसी-डॉस यंत्राच्या किमतीत धरलेली नव्हती. ती चाळीस डॉलर मोजून वेगळी घ्यावी लागे. १६० केबी क्षमतेची सव्वापाच इंची एक फ्लॉपी आणि सोबत माहितीपुस्तिका, एवढाच तिचा पसारा. त्याच यंत्रासाठी मागाहून आलेली दुसरी सिस्टिम, सीपी/एम-८६, २४० डॉलरना होती. डॉस का जिंकली याचे बरेचसे उत्तर या दोन आकड्यांत मिळते.

सॉफ्टवेअरला वेगळी किंमत लावण्याची ही रीत तेव्हा फार जुनी नव्हती. मोठ्या संगणकांच्या काळात ते यंत्राच्या भाड्यातच येत असे. मक्तेदारीविरोधी कारवाईची चाहूल लागल्यावर आयबीएमने जून १९६९ मध्ये आपल्या बऱ्याचशा सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी केली आणि सॉफ्टवेअर विकण्याचा स्वतंत्र धंदा उभा राहण्याची वाट मोकळी झाली. पुढे वैयक्तिक संगणकाच्या बाबतीत ही फारकत फार काळ टिकली नाही. डॉस पुरवणाऱ्या मायक्रोसॉफ्टने संगणक बनवणाऱ्या कंपन्यांशी असे करार केले की, डॉस घातली असो वा नसो, कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे ठराविक रक्कम द्यायची. पैसे जाणारच असतील तर दुसरी सिस्टिम कोण घालणार? अमेरिकेच्या न्याय खात्याने १९९४ मध्ये समझोत्याद्वारे ही पद्धत बंद पाडली. तोवर मात्र संगणक तयार सिस्टिमसह विकत घ्यायची सवय ग्राहकांना आणि विक्रेत्यांनाही जडली होती.

तरीही डिस्क खोक्यात येतच राहिल्या. हार्ड डिस्क महाग होत्या आणि बिघडतही असत. फ्लॉपी नसली तर बिघडलेले यंत्र पुन्हा उभे करायला दुसरा मार्ग नव्हता. एमएस-डॉस ६.२२ तीन फ्लॉपींवर मावत असे. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ ला तेरा लागल्या, त्याही १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर १.६८ एमबी कोंबून. या वेगळ्या मांडणीमुळे फ्लॉपींची संख्या कमी झाली, शिवाय नेहमीच्या आज्ञांनी त्यांची नक्कल करणेही अवघड झाले. हा दुसरा फायदा कंपनीला नकोसा असेल असे मानण्याचे कारण नाही. काही उत्पादक याच काळात खर्च वाचवू लागले होते. त्यांच्या यंत्रांवर विंडोज आधीच घातलेली असे आणि पहिल्यांदा सुरू करताच एक सूचना येई : कोऱ्या फ्लॉपी आणा आणि आपल्या प्रती आपणच तयार करा. पुढे लॅपटॉपवाल्यांनी जे सर्रास केले त्याची ही सुरुवात होती.

सीडीने हा त्रास संपवला. साडेसहाशे एमबीच्या एका चकतीवर सगळे मावून वर जागा उरत असे. विंडोज ९५ च्या सीडीवर तर वीझर या अमेरिकी बँडच्या एका गाण्याची चित्रफीतही होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात घेतलेल्या संगणकाबरोबर विंडोजची पूर्ण सीडी, ड्रायव्हरची वेगळी सीडी, पातळशी पुस्तिका आणि अस्सलपणाचा छापील दाखला मिळे. ग्राहकाला जे हवे ते सगळे त्यात होते. विकणाऱ्याला नेमके तेच खुपत होते, कारण ती सीडी कोणत्याही यंत्रात चाले. एका यंत्राचे पैसे भरलेल्या सीडीवरून दहा यंत्रांत विंडोज घालता येत असे, आणि तसे घडतही होते.

सीडी गेली ती या कारणाने. इंटरनेट वेगवान झाले, सिस्टिम उतरवून घेता येऊ लागली आणि म्हणून चकती अनावश्यक ठरली, हे स्पष्टीकरण सोपे असले तरी घटनांचा क्रम त्याला साथ देत नाही. २००० च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने मोठ्या उत्पादकांना पूर्ण विंडोज सीडी देण्यापासून रोखले. त्याऐवजी त्याच कंपनीच्या यंत्रावर चालणारी रिकव्हरी सीडी द्यावी किंवा हार्ड डिस्कवरच प्रत ठेवावी, असा पर्याय दिला. त्या वेळी घरोघरी होता तो डायल-अप. ५६ केबीपीएसच्या मोडेमवर, लाइन एकदाही न तुटता, एक सीडी उतरवायला जवळपास सव्वीस तास लागले असते. म्हणजे नेटवर्क येण्याआधीच पूर्ण विंडोजची चकती गेली. मधली सुमारे दहा वर्षे बिघडलेल्या लॅपटॉपच्या मालकाकडे ना ती चकती होती, ना तिला खरा पर्याय.

रिकव्हरी सीडी आणि मूळ सीडी यांत मोठा फरक होता. मूळ सीडीवरून विंडोज दुरुस्त करता येई, हवे ते भाग निवडता येत आणि जुन्या फायली जागच्या जागी ठेवता येत. रिकव्हरी सीडी बहुधा कारखान्यातल्या हार्ड डिस्कची जशीच्या तशी छबी उतरवी. यंत्र विकत घेतल्या दिवशी होते तसे होई, मधल्या काळातले सगळे पुसले जाई. सुरू होण्याआधी ती बायोस, म्हणजे यंत्राच्या बोर्डावरचे मूळ सॉफ्टवेअर, तपासून यंत्र त्याच कंपनीचे आहे ना याची खात्री करून घेई.

थोड्याच वर्षांत हीही चकती गेली आणि छबी हार्ड डिस्कच्याच एका राखीव कोपऱ्यात ठेवली जाऊ लागली. आयबीएमच्या थिंकपॅडवर एक निळे बटण दाबून तिथे पोचता येई. एचपीला एफ११, डेलला कंट्रोल आणि एफ११, एसरला आल्ट आणि एफ१०, तोशिबाला शून्याची कळ दाबून धरणे, अशी प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. व्हिस्टा आणि विंडोज ७ च्या काळात हा कोपरा साधारण दहा ते वीस जीबी जागा अडवे. त्याचा दोष उघड होता. हार्ड डिस्क बंद पडली की सिस्टिम आणि तिची राखीव प्रत एकाच वेळी जात. यावर उत्पादकांचा उपाय म्हणजे ग्राहकाने पहिल्याच दिवशी कोऱ्या डीव्हीडी आणून स्वतः संच बनवावा. एचपीचे सॉफ्टवेअर तर असा एकच संच बनवू देई. सूचना पडद्यावर येत असे आणि बहुतेक लोक ती ‘नंतर’ म्हणून बंद करत. संच राहून गेलेल्यांना तो कंपनीकडून मागवावा लागे, बहुधा पैसे भरून.

छबीत फक्त विंडोज नसे. तीस किंवा साठ दिवसांची चाचणी-आवृत्ती असलेले अँटिव्हायरस, खेळ, टूलबार असे बरेच काही उत्पादक पैसे घेऊन भरत, आणि रिकव्हरी करताच ते सगळे परत येई. मार्च २००८ मध्ये सोनीने काही व्हायो लॅपटॉपवर हा भरणा न घालण्यासाठी सुमारे पन्नास डॉलर मागितले. टीका होताच ती आकारणी मागे घ्यावी लागली. स्वच्छ यंत्रासाठी जास्त पैसे मोजावे लागावेत यावरून त्या भरण्याची कमाई कोणाच्या खिशात जात होती ते कळते.

दुसरीकडे लायसन्स यंत्राला जखडण्याचे काम पायरी पायरीने चालले होते. ऑक्टोबर २००१ मधल्या विंडोज एक्सपीबरोबर ॲक्टिव्हेशन, म्हणजे प्रत त्या यंत्रासाठी वैध असल्याची खातरजमा, आले. मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांत बायोसमधली खूण पाहून ते आपोआप होई. लॅपटॉपच्या पाठीवर पंचवीस अक्षरांची प्रॉडक्ट की असलेला स्टिकर चिकटवलेला असे, पण आतली विंडोज ती वापरत नसे, कंपनीच्या सगळ्या यंत्रांना मिळून असलेली सामायिक की वापरे. सोयीची असली तरी ही पद्धत कच्ची होती. जुलै २००९ मध्ये, विंडोज ७ बाजारात येण्याआधीच, लेनोवोसाठीच्या एका प्रतीतून अशी की फुटली. विंडोज ८ ने २०१२ मध्ये हा प्रश्न मुळातून सोडवला. प्रत्येक यंत्राची स्वतंत्र की मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये लिहिली जाऊ लागली आणि स्टिकरवरून ती नाहीशी झाली. लायसन्स सिद्ध करायला आता चकतीही नको होती आणि कागदही.

यंत्रातली चकती घालायची खाच याच सुमारास गेली. जानेवारी २००८ च्या मॅकबुक एअरमध्ये ऑप्टिकल ड्राइव्ह नव्हता, तरी खोक्यात डीव्हीडी होती. ती दुसऱ्या संगणकात घालून वायरलेसवरून वाचावी लागे. २०१० च्या एअरबरोबर छोटा पेन ड्राइव्ह आला. जुलै २०११ मध्ये ॲपलने मॅक ओएस एक्स लायन आपल्या ऑनलाइन दुकानातून विकली आणि नव्या मॅकना इंटरनेटवरूनच सिस्टिम परत घालण्याची सोय दिली. चकतीच्या जागी नेटवर्क खऱ्या अर्थाने आले ते इथे.

भारतात चित्र जरा निराळे होते. किंमत खाली आणण्यासाठी कित्येक लॅपटॉप ‘डॉस’वर विकले जात. म्हणजे फ्रीडॉस या १९९४ मध्ये सुरू झालेल्या मोफत सिस्टिमवर. ती फार थोड्यांनी प्रत्यक्ष वापरली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे ‘फॉरमॅट मारून’ विंडोज टाकून घेणे हा ठरलेला शिरस्ता होता, आणि ती सीडी बहुधा अस्सल नसे. सरकारच्या २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडची व्याख्याच २५६ केबीपीएसपासून सुरू होत होती. त्यामुळे कायदेशीर मोफत सॉफ्टवेअरसुद्धा चकतीवरूनच पोचले. पीसीक्वेस्ट मासिक अंकासोबत लिनक्सच्या सीडी देत असे आणि उबंटू या लिनक्स-आवृत्तीच्या सीडी परदेशातून टपालाने मोफत घरी येत. उबंटूची ही योजना एप्रिल २०११ मध्ये बंद झाली.

लिनक्स वापरणाऱ्यांनाही यंत्राबरोबर आलेल्या विंडोजचे पैसे बहुधा भरावे लागत. अशा नको असलेल्या विंडोजचे पैसे परत मिळावेत, यासाठी १५ फेब्रुवारी १९९९ रोजी कॅलिफोर्नियात लिनक्सप्रेमींनी मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयावर मोर्चा नेला होता. फ्रान्समधल्या एका ग्राहकाने सोनीविरुद्ध लावलेले प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत पोचले. आधीच सिस्टिम घातलेला संगणक विकणे ही एवढ्यानेच अनुचित व्यापारी प्रथा ठरत नाही, असा निर्णय तिथे सप्टेंबर २०१६ मध्ये आला.

तोवर चकतीची उणीव बरीचशी भरून निघाली होती. मायक्रोसॉफ्ट आता विंडोज १० आणि ११ च्या प्रती आपल्या संकेतस्थळावरून कोणालाही उतरवू देते. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो, आणि मे २०२० नंतरच्या विंडोजमध्ये रीसेट करताना प्रत थेट इंटरनेटवरून घेता येते. पंचवीस वर्षांपूर्वी जी प्रत खोक्यातून काढून घेतली होती, तीच आता उघड्यावर ठेवली आहे. लायसन्स फर्मवेअरमध्ये आणि कंपनीच्या सर्व्हरवर नोंदलेले असल्यामुळे प्रत किती जणांकडे गेली याने कंपनीला फारसा फरक पडत नाही. अडचण येते ती मदरबोर्ड बदलताना. अधिकृत सेवा केंद्र नव्या बोर्डावर की पुन्हा लिहून देते. बाहेरच्या कारागिराने जुना-पुराणा बोर्ड बसवला तर मात्र विंडोज चालू होते, पण ॲक्टिव्हेट करा असे सांगत राहू शकते.