निशिगंधाचा गड्डा : वाटून वाढलेले फूल

थंड देशांतल्या बागकामाच्या पुस्तकांत आयरिस या कंदवर्गीय फुलझाडाचे जुने गड्डे उपटून, फोडून पुन्हा लावण्याची कृती हमखास दिलेली असते. नगर जिल्ह्याच्या कोरड्या, उन्हाळी हवेत आयरिस कोणी सहसा लावत नाही. पण नेमके हेच काम आपल्याकडे निशिगंधाच्या, म्हणजे बाजाराच्या भाषेत गुलछडीच्या, वाफ्यात चालते. नगर शहराजवळचे अकोळनेर फुलशेतीसाठी, विशेषतः शेवंतीसाठी, नाव असलेले गाव. शेवंतीचीही तीच तऱ्हा : बी पेरायचे नाही, जुन्या झाडाच्या बुडाशी आलेल्या काश्या सोडवून लावायच्या. आम्हाला वाटते, फुलांचा इतिहास राजेरजवाड्यांच्या बागांइतकाच या फोडण्या-वाटण्यातही शोधायला हवा.

आधी गड्डा म्हणजे काय ते पाहू. निशिगंधाचा एक कंद लावला की त्याला पाने येतात आणि पुढे फुलांचा दांडा. त्या कंदाला असा दांडा आयुष्यात एकदाच येतो. मात्र त्याच्या बुडाशी असलेल्या कळ्यांतून पिल्ले फुटतात, ती मोठी झाली की फुलतात, त्यांनाही पिल्ले होतात. दोन-तीन वर्षांत जमिनीखाली इतकी दाटी होते की प्रत्येकाच्या वाट्याला अन्न, पाणी, प्रकाश कमी येतो. दांडे आखूड पडतात, फुले बारीक होतात. मग पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडायचे, गड्डे उकरायचे, माती झटकून सावलीत सुकवायचे आणि कंद एकेक करून सुटे करायचे. सुपारीएवढे किंवा त्याहून मोठे कंद पुन्हा लावायला घ्यायचे. अगदी बारीक पिल्ले लावली तर फुलासाठी आणखी एक हंगाम थांबावे लागते. उकरलेला कंद काही आठवडे कोरडा पडून राहू शकतो, ही अवर्षणाच्या मुलखात मोठीच सोय आहे. शिक्षकांनी एखादा जुना गड्डा वर्गात आणून उभा कापून दाखवावा. तळाशी चकतीसारखे आखूड खोड, त्यावर पानांचे जाड तळ आणि त्यांच्या बेचक्यातल्या कळ्या विद्यार्थ्यांना साध्या डोळ्यांनी दिसतात.

आपण ज्याला इतके आपले मानतो, ते हे फूल मुळात मेक्सिकोचे. तिथल्या अ‍ॅझ्टेक लोकांच्या भाषेत त्याचे नाव ओमिशोचित्ल, म्हणजे हाडफूल. मेणासारख्या पांढऱ्या रंगावरून पडलेले. त्यांनी ते इतक्या काळापासून लावले आहे की आज रानात उगवलेला निशिगंध सापडत नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो स्पेनमार्गे युरोपात पोचला आणि १६०१ साली क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याची नोंद ‘इंडीजचा गड्डेवाला हायासिंथ’ अशा अर्थाच्या लॅटिन नावाने केली. हे ‘इंडीज’ अर्थातच कोलंबसाच्या घोटाळ्यातले. इंग्रजी ‘ट्यूबरोझ’ या नावातही गुलाब नाही. गड्डेदार या अर्थाच्या ‘ट्युबेरोझा’ शब्दाचे ते रूप आहे. म्हणजे नावही फुलावरून नव्हे, गड्ड्यावरूनच पडले! आपल्या ‘गुलछडी’त मात्र फारसीतला ‘गुल’ आहे. मिरची, पेरू, सीताफळ यांच्याप्रमाणे अमेरिकेतून आलेले हे झाड देवघरापर्यंत गेले, आणि परके आहे हे आपण विसरूनही गेलो.

अठराव्या शतकात हॉलंडमधल्या लायडेन गावी ला कूर नावाच्या एका हौशी श्रीमंताने बियांपासून दुहेरी पाकळ्यांचा निशिगंध मिळवला. फिलिप मिलर या इंग्रज बागकामतज्ज्ञाने त्याची हकिकत लिहून ठेवली आहे. त्या रोपाचे गड्डे इतके वाढले की ला कूरला लावायला जागा उरेना. तरी त्याने ते कोणाला दिले नाहीत. जास्तीचे कंद तो कापून टाकी, कारण हे फूल युरोपात एकट्या आपल्याकडेच आहे असे त्याला मिरवायचे होते. पण गड्ड्याचे गणित अशा माणसाच्या विरुद्ध असते. समजा, दोन वर्षांत एका कंदाचे दहा होतात आणि सगळे जगतात. मग दहा वर्षांत एका कंदाचे एक लाख होतील. एवढे कंद कापत बसणे कोणाला जमणार? दुहेरी निशिगंध आज आपल्या हारवाल्याकडेही मिळतो.

बी आणि गड्डा यांतला फरक नगरच्याच एका बागेवरून समजतो. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडलेल्या काँग्रेस नेत्यांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात ठेवले होते. तिथल्या दगडगोट्यांच्या, जुन्या बांधकामाच्या राडारोड्याने भरलेल्या जमिनीत पंडित नेहरू वाफे खणत. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या सुरुवातीलाच त्यांनी ते सांगितले आहे. मौलाना आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’मधल्या पत्रांतही या फुलांचे वर्णन आहे. सुटका कधी होणार हे ठाऊक नसलेल्या माणसाला मोसमी फुलांचे बी बरे, ते काही आठवड्यांत फुलते. गड्डा फोडायची वेळ यायला दोन-तीन वर्षे लागतात. नेहरू किल्ल्यातून हलले ते मार्च १९४५ मध्ये, म्हणजे जवळजवळ तेवढ्याच काळाने.

फरक केवळ वेळेचा नाही. बी म्हणजे दोन पालकांचे मिश्रण, म्हणून प्रत्येक रोप थोडे वेगळे. फोडलेला कंद म्हणजे तेच झाड, फक्त दुसऱ्या जागी. एका गावात एकाच घरातून बेणे फिरले असेल तर शंभर वाफ्यांत दिसायला शंभर, पण आनुवंशिक दृष्टीने एकच झाड उभे असते. त्या एकाला जे सोसत नाही ते कोणालाच सोसत नाही. शिवाय कंदाबरोबर बिनबोलावलेले पाहुणेही जातात. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी कंदाला चिकटलेल्या मातीतून आणि मुळांतून पसरतात. पश्चिम बंगालमध्ये निशिगंधाच्या कळ्या नासवणारा सूत्रकृमी तर सुकलेल्या कंदात निपचित पडून राहतो आणि ओल मिळताच जागा होतो. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेली टोपलीभर कंदांची भेट अशी महागात पडू शकते. म्हणून निरोगी वाफ्यातलेच गड्डे फोडावेत, मुळे छाटावीत, मऊ आणि डागी कंद बाजूला काढावेत. हे आम्हाला खताच्या मात्रेपेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते.

या एकसारखेपणातून बाहेर पडायचे तर संकर हवा, आणि तिथे अडचण होती. एकेरी निशिगंधाला स्वतःच्या परागाने बी धरत नाही. दुहेरीत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असल्याने त्याला बी क्वचितच येते. तरी बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने एकेरी आणि दुहेरी यांच्या संकरातून ‘शृंगार’ आणि ‘सुवासिनी’ हे वाण काढले, आणि ‘शृंगार’ मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना बऱ्यापैकी तोंड देतो. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने कंदांवर गॅमा किरणांचा मारा करून ‘रजतरेखा’ आणि ‘स्वर्णरेखा’ मिळवले. १९६८ साली स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले रजनी’ हा वाण तर जिल्ह्याच्या घरचाच.

संकराने असे नवे झाड एकदा मिळाले की पुढचे काम पुन्हा गड्ड्याचेच : उकरा, फोडा, लावा. ते कोणी करावे यावर आपल्याकडे कायदाही आहे. २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे राखण्याचा, देण्याघेण्याचा, एवढेच नव्हे तर विकण्याचाही हक्क दिला आहे. अट इतकीच, की ते वाणाचे नाव छापून ब्रँड म्हणून विकता येत नाही. आणि त्या कायद्याच्या व्याख्येत ‘बियाणे’ या शब्दात ज्यापासून नवे झाड उगवू शकते असा कोणताही भाग येतो, म्हणजे निशिगंधाचा कंदसुद्धा.