शेतसारा आणि शेअर : निजामी राज्यातील एका कंपनीची कथा

चारठाण्याचे नाव निघाले की मंदिरे आठवतात. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील हे गाव यादवकालीन मंदिरांसाठी आणि कोरीव स्तंभासाठी प्रसिद्ध आहे. अभ्यासक तेथे जातात ते शिल्पे पाहण्यासाठी, आणि ते योग्यच आहे. परंतु मराठवाड्याचा इतिहास केवळ दगडांत कोरलेला नाही. तो जमाखर्चाच्या वह्यांतही आहे. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या तिजोरीत येणाऱ्या पैशाचा सर्वांत मोठा ओघ शेतसाऱ्याचा होता, आणि परभणीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यांनी तो वाहता ठेवला होता. १८८०च्या दशकात त्याच तिजोरीतून लंडनमध्ये नोंदलेल्या एका खाणकंपनीचे शेअर विकत घेतले गेले. ज्वारी आणि कापूस पिकवणाऱ्या रयतेला आपल्या पैशाने कोळशाच्या खाणीत वाटा घेतला गेला आहे, याची गंधवार्ता नव्हती. भागभांडवल म्हणजे काय आणि कंपनीचा कारभार कोणी कोणासाठी करायचा, हे समजून घ्यायला या व्यवहाराइतके बोलके उदाहरण आपल्या भागाच्या इतिहासात दुसरे सापडणे कठीण.

प्रथम ‘भाग’ या शब्दाकडे पाहू. ही कल्पना आपल्याला परकी नाही. मराठवाड्यात जमीन बटाईने दिली जाते, तशी ठोक्यानेही दिली जाते. बटाईत पीक आले तर दोघांचे, बुडाले तर दोघांचे. ठोक्यात पाऊस पडो न पडो, मालकाला ठरलेली रक्कम मिळालीच पाहिजे. कंपनीच्या पैशाचेही असेच दोन प्रकार असतात. भागधारकाचा पैसा हा बटाईचा : नफा झाला तर लाभांश, नाही तर काही नाही. कर्जाऊ पैसा हा ठोक्याचा : धंदा चालो वा न चालो, व्याज द्यावेच लागते. फरक एवढाच की बटाईदार बांधावर उभा राहून पीक पाहू शकतो. भागधारक मात्र शेकडो, कधी हजारो कोस दूर असतो आणि त्याच्या वतीने पाहणारे संचालक असतात. कंपनीच्या कारभाराचे सारे नीतिशास्त्र या अंतरातून जन्माला येते.

निजामी राज्याचा कंपनी नावाच्या संस्थेशी मोठा संबंध आला तो रेल्वेमुळे. १८८३ साली झालेल्या करारानुसार सिकंदराबाद ते वाडी हा आधीचा लोहमार्ग आणि पुढील विस्तार निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे या लंडनमधील कंपनीकडे गेला. नावातच ‘गॅरंटीड’ आहे. भागधारकांना ठराविक व्याज मिळेल, अशी हमी राज्याने दिली होती. म्हणजे दिसायला भागभांडवल, पण वागणूक ठोक्याची. जोखीम राज्याच्या माथी आणि निश्चित उत्पन्न लंडनच्या खिशात. सेलू, परभणीवरून जाणारा मनमाड-सिकंदराबाद मार्ग विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाला. ही रेल्वे राज्याने विकत घेऊन स्वतःच्या मालकीची केली ती १९३० मध्ये.

रेल्वेच्या या वाटाघाटींत राज्याच्या वतीने पुढे असलेले अधिकारी म्हणजे अब्दुल हक, सरदार दिलेर जंग. लंडनचे भांडवलदार आणि हैदराबादचा दरबार या दोहोंची भाषा जाणणारा हा माणूस. १८७१ साली डॉ. विल्यम किंग या भूगर्भशास्त्रज्ञाने येलंदूजवळ कोळसा शोधला होता. तो काढण्यासाठी १८८६ मध्ये वॉटसन आणि स्ट्युअर्ट या दोघांना राज्यातील खनिजांचा दीर्घ मुदतीचा मक्ता मिळाला आणि तो वापरण्यासाठी हैदराबाद (डेक्कन) कंपनी स्थापन झाली. तिचे भांडवल दहा लाख पौंड, प्रत्येकी १० पौंडांचे १,००,००० शेअर.

आकडा भारदस्त होता. पण त्याच्या पोटात काय होते ते पाहा. या लाखापैकी ८५,००० शेअर मक्ता मिळवणाऱ्यांनाच, तो मक्ता कंपनीच्या हवाली केल्याचा मोबदला म्हणून, पूर्ण भरणा झालेले समजून दिले गेले. उरले १५,०००. ते दर्शनी किमतीने पूर्ण भरले गेले असे धरले तरी रोख रक्कम होते दीड लाख पौंड. दहा लाखांच्या कंपनीत साडेआठ लाख ही एका कागदाची, दोघांनी परस्पर ठरवलेली किंमत होती. आणि तो कागद कोणाचा? निजाम सरकारचाच.

येथे भागभांडवलाची परिभाषा नुसती व्याख्यांपुरती राहत नाही. अधिकृत भांडवल म्हणजे कंपनीला किती शेअर काढण्याची मुभा आहे त्याची मर्यादा. विक्रीला काढलेले भांडवल त्याहून कमी असू शकते. लोकांनी मागणी करून घेतलेले त्याहूनही कमी. आणि प्रत्यक्ष भरणा झालेले सर्वांत कमी. बाहेरचा माणूस पहिला आकडा वाचून भुलतो, धंदा मात्र शेवटच्या आकड्यावर चालतो. त्यातही भरणा रोखीने झाला की वस्तूच्या रूपाने, हा प्रश्न उरतोच. वस्तूची किंमत फुगवली की भांडवल फुगते, आणि फुगलेल्या भांडवलाचे शेअर बाजारात खऱ्या पैशाला विकता येतात. इंग्लंडच्या १८६७च्या कायद्याने एवढेच सांगितले होते की रोखीशिवाय शेअर द्यायचे असतील तर तसा लेखी करार निबंधकाकडे दाखल करावा. करार दाखल झाला की कायद्याचे समाधान होई. त्यातील किंमत खरी की खोटी, हे विचारणारे कोणी नव्हते.

पुढचे पाऊल अधिक धीट होते. मक्तेदारांच्या शेअरांपैकी एक मोठा वाटा अब्दुल हक यांच्याकडे आला होता. काही काळाने निजाम सरकारने या कंपनीचे शेअर घ्यावेत असे ठरले आणि दर्शनी किमतीहून चढ्या भावाने ते घेतले गेले. बाजारातून घेतल्याचे भासवलेले ते शेअर वस्तुतः हक यांचेच होते. ज्या राज्याने मक्ता दिला, त्याच राज्याला त्या मक्त्यातून निर्माण झालेले कागद त्याच राज्याच्या सेवकाने विकले. विकणारा आणि घेणाऱ्याचा सल्लागार एकच. आपल्याकडे कुंपणाने शेत खाणे म्हणतात ते हेच.

प्रकरण लपले नाही. १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या हाउस ऑफ कॉमन्सने या कंपनीच्या चौकशीसाठी निवड समिती नेमली. राज्याची बाजू मांडण्यासाठी मेहदी अली, म्हणजेच पुढे अलीगडच्या शैक्षणिक चळवळीत गाजलेले मोहसिन-उल-मुल्क, लंडनला गेले. हक यांना सेवा सोडावी लागली. मात्र या चौकशीकडे भाबडेपणाने पाहू नये. लंडनच्या गुंतवणूकदारांची पत आणि साम्राज्याची अब्रू हे तेथले विषय होते. शेतसारा भरणारा माणूस साक्षीला नव्हता, आणि त्याला बोलावावे असे कोणाला सुचण्याचे कारणही नव्हते. कंपनीच्या कायद्याला भागधारक दिसत होता. भागधारक असलेल्या सरकारमागची रयत दिसत नव्हती.

कायदा हळूहळू शिकत गेला. १८९६ साली सॉलोमन खटल्यात लॉर्ड्सनी कंपनी ही तिच्या मालकाहून वेगळी व्यक्ती आहे हे तत्त्व पक्के केले. व्यक्ती वेगळी म्हणजे तिचे हितही वेगळे. मग ते हित राखणाऱ्याने स्वतःचा हितसंबंध उघड केला पाहिजे, हे ओघाने येते. आपल्या २०१३च्या कंपनी कायद्यात कलम १८४ संचालकाला आपला हितसंबंध जाहीर करायला लावते, तर कलम १८८ नातेसंबंधातील व्यवहारांवर मंजुरीचे बंधन घालते. या कलमांची भाषा रुक्ष आहे. पण चढ्या भावाने विकल्या गेलेल्या त्या शेअरांची आठवण ठेवून वाचली तर प्रत्येक उपकलमामागे कोणीतरी फसवला गेलेला माणूस उभा दिसतो.

कायदा झाला म्हणून वृत्ती बदलते असे नाही. डिसेंबर २००८ मध्ये, त्याच हैदराबाद शहरात, सत्यम कॉम्प्युटर्सच्या संचालक मंडळाने प्रवर्तकांच्या कुटुंबाशी निगडित मेटास नावाच्या दोन कंपन्या विकत घेण्याचा ठराव केला. मंडळावर नामवंत स्वतंत्र संचालक होते, तरीही ठराव संमत झाला. तो काही तासांत मागे घ्यावा लागला, कारण भागधारक खवळले. ७ जानेवारी २००९ रोजी रामलिंग राजू यांनी हिशेब खोटे असल्याचे लिहून दिले. सव्वाशे वर्षांच्या अंतराने प्रश्न तोच होता : घेणाऱ्याच्या खुर्चीत बसलेला माणूस मनाने विकणाऱ्याच्या बाजूला तर नाही ना? फरक पडला तो एवढाच की २००८च्या भागधारकाला ठराव त्याच दिवशी कळला आणि तो शेअर विकून निषेध करू शकला. १८८०च्या दशकातील रयतेला ना बातमी होती, ना मत, ना बाहेर पडण्याची वाट.

त्या खाणकंपनीचे पुढे भलेच झाले. १९२० मध्ये ती सिंगरेणी कोलिअरीज कंपनी या नावाने हैदराबाद राज्यात नोंदली गेली आणि १९४५ मध्ये तिचे बहुसंख्य शेअर राज्याने घेतले. आज ती तेलंगण सरकार (५१ टक्के) आणि केंद्र सरकार (४९ टक्के) यांच्या मालकीची आहे. कोळसा खरा होता. लबाडी त्याच्या किमतीत होती. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत परभणी जिल्हा प्रथम द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. ज्या तिजोरीत त्याचा सारा पिढ्यान्‌पिढ्या जमा झाला, तिच्यातून उभ्या राहिलेल्या मालमत्तेचा वाटा सीमेपलीकडे राहिला. याबद्दल कोणी दावा करावा असे नव्हे. पण सार्वजनिक पैशाने घेतलेल्या प्रत्येक शेअरामागे असा एक निनावी भागधारक असतो. त्याच्या नावाचे प्रमाणपत्र कोठेही छापलेले नसते आणि वार्षिक सभेची सूचना त्याच्या घरी कधी येत नाही. आपल्या कराच्या पैशातून सरकार एखाद्या कंपनीत भाग घेते, तेव्हा तो भागधारक आपण असतो. किंमत कोणी ठरवली, विकणारा कोण आणि सल्ला देणाऱ्याचा त्यात काय वाटा, हे तीन प्रश्न विचारण्याचा हक्क चारठाण्याच्या शेतकऱ्याला तेव्हा नव्हता. आज आपल्याला तो आहे, आणि तो वापरला नाही तर नसल्यासारखाच आहे.