आधी कायदा की आधी बडबडगीते?

माझा नातू यंदा तीन वर्षांचा झाला आणि घाटंजीतल्या आमच्या घरात वादाला तोंड फुटले. सून म्हणते, त्याला दीनी नर्सरीत घालू. तिथे दुआ, कलमे आणि इंग्रजी अक्षरे एकाच छपराखाली मिळतात. मुलगा म्हणतो, चांगल्या खासगी नर्सरीत घालू, म्हणजे पुढे पहिलीचा प्रवेश सोपा जाईल. माझे मत कोणी विचारले नव्हते. पण मी निवृत्त मास्तर, गप्प बसणे मला जमत नाही.

सुनेचा हट्ट उगाच नाही. मोठी नात अशाच एका खासगी नर्सरीत जात होती. तिथे रोज सकाळी मूर्तीपुढे हात जोडून प्रार्थना होई. कोणी जबरदस्ती केली नाही, कोणी वाकडे बोलले नाही. बाई प्रेमळ होत्या. पण एक दिवस पोरगी घरी येऊन म्हणाली, "दादा, अपने घर में भगवान क्यूं नहीं है?" सून त्या रात्री जेवली नाही. तेव्हापासून तिच्या मनात पक्के बसले आहे की आपले मूल आपल्याच माणसांत शिकले पाहिजे.

ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण ती नवी नाही, आणि तिच्यावर आपल्या पूर्वजांनी बराच विचार केलेला आहे.

आपल्याकडची जुनी रीत आधी पाहू. मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की घरात बिस्मिल्लाहखानी व्हायची. नवे कपडे, मिठाई, आणि मौलवीसाहेबांच्या तोंडून पहिला शब्द. मक्तब सुरू व्हायचे ते त्यानंतर. कायदा, मग सिपारा. म्हणजे धार्मिक मानल्या गेलेल्या त्या काळातही तीन वर्षांच्या पोराला कोणी वर्गात बसवत नव्हते. त्या वयाचा दीन दादीच्या मांडीवर होता. घास घेताना बिस्मिल्लाह, शिंकल्यावर अल्हम्दुलिल्लाह, एवढा त्याचा अभ्यासक्रम.

दुसरी गोष्ट इब्न खल्दूनची. 1377 मध्ये लिहिलेल्या 'मुकद्दिमा'त त्याने वेगवेगळ्या मुस्लिम मुलखांत लहान मुलांना काय शिकवतात याची तुलना केली आहे. मगरिबात फक्त कुरआन, दुसरे काही नाही. अंदलुसात कुरआनबरोबरच कविता, व्याकरण, सुलेखन. आणि काझी अबू बक्र इब्न अल-अरबी यांचे मत तर असे की आधी भाषा आणि कविता शिकवावी, मग हिशेब, आणि समज आल्यावर कुरआन. इब्न खल्दूनला ही पद्धत चांगली वाटते. पण तो म्हणतो, रिवाज तिच्या विरुद्ध आहे. का? एक तर लोकांना बरकत हवी असते. दुसरे, मूल मोठे झाल्यावर हाताबाहेर गेले तर कुरआन राहूनच जाईल, अशी आईबापांना धास्ती असते. सुमारे साडेसहाशे वर्षांपूर्वीची ही धास्ती आणि माझ्या सुनेची धास्ती यांत मला फार फरक दिसत नाही. पण एक लक्षात घ्या. हा क्रम इब्न खल्दूनने रिवाज म्हणून नोंदवला आहे, अल्लाहचा हुकूम म्हणून नाही.

तिसरी गोष्ट त्याहून जुनी, हिजरी 2 ची. बद्रच्या लढाईत मक्केचे काही लोक कैद झाले. ज्यांच्याकडे खंडणीला पैसा नव्हता पण लिहिणे-वाचणे येत होते, त्यांनी मदीनेच्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि सुटून जावे, असे ठरले. सीरतच्या ग्रंथांत ही नोंद आहे. ते शिक्षक मुसलमान नव्हते. काल-परवापर्यंत तलवार घेऊन समोर उभे होते. तरी पैगंबरांनी (स.) मदीनेची मुले त्यांच्यापुढे बसवली. त्यांच्याकडून अक्षरे घेतली, अकीदा नाही. अकीद्यासाठी घर होते, मस्जिद होती.

आता जवळ येऊ. आपल्या शेजारच्या वर्ध्यात ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथून नई तालीमची योजना निघाली, आणि ती तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. त्या योजनेत धर्मशिक्षण ठेवले नव्हते. गांधीजींचे म्हणणे असे की आज ज्या रीतीने धर्म शिकवले जातात, त्यातून एकी होत नाही, भांडणेच होतात. त्याच सुमारास मध्य प्रांत-वऱ्हाडात, म्हणजे आपला यवतमाळ जिल्हा तेव्हा ज्यात होता त्या प्रांतात, रविशंकर शुक्लांनी खेड्यांसाठी शाळांची योजना काढली. दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, ही कल्पना चांगली होती. पण नाव ठेवले 'विद्या मंदिर'. प्रांतातल्या मुसलमानांनी या नावाला विरोध केला आणि मुस्लिम लीगने तो प्रश्न पेटवला.

आज वाटते, एका शब्दासाठी केवढे भांडण! पण नातीचा प्रश्न ऐकल्यावर मला ते भांडण थोडे समजले. शाळा सगळ्यांची म्हणायची आणि तिचे दार मात्र एकाच घरासारखे बांधायचे, तर दुसऱ्या घरचे मूल उंबरठ्यावर अडखळतेच. आणि हेही समजले की त्या भांडणात राजकारण करणाऱ्यांचे फावले. खेड्यातल्या पोरांच्या हाती त्यातून पाटीसुद्धा आली नाही.

याच्या उलट काम ताराबाई मोडकांनी केले. त्या काही वर्षे आपल्या अमरावतीत राहिल्या होत्या. पुढे गुजरातेत गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षण रुजवले, 1945 मध्ये बोर्डीला केंद्र काढले आणि 1957 मध्ये अनुताई वाघांना घेऊन कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. 2 ऑक्टोबर 1975 ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. ताराबाईंनी मुलाला आधी 'आमच्यासारखा हो, मग ये' असे सांगितले नाही.

कायद्याचेही एक सांगतो, कारण पुष्कळांना ते माहीत नसते. संविधानाच्या कलम 28 प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणतेही धर्मशिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. पण ज्या खासगी नर्सरीला ना मान्यता ना अनुदान, तिथे हे कलम पोहोचत नाही. म्हणजे जिथे आपण फी भरतो तिथे हा हक्क नाही, आणि जिथे फुकट आहे तिथे तो आहे.

मग मी घरात म्हणालो, त्याला अंगणवाडीत घाला. दोघेही माझ्याकडे बघतच राहिले. मुलगा म्हणाला, तिथे एक खोली, खिचडी आणि सेविकाबाईंच्या डोक्यावर रजिस्टरांचा ढीग. खोटे नाही. पण ती अशी का राहिली? ज्यांना बोलता येते, अर्ज लिहिता येतो, ते सगळे, आपलेही आणि त्यांचेही, तिथून निघून गेले. अंगण सामाईक राहिले, पण त्यात उरले फक्त गरीब. मी रिकामा आहे. आठवड्यातून दोन दिवस जाऊन गोष्टी सांगीन, बडबडगीते म्हणीन. आणि चार वर्षांचा झाला की असरनंतर मस्जिदीत कायदा घेऊन जाईल, माझा हात धरून. दीन त्याला आपण द्यायचा आहे. ते काम फी भरून दुसऱ्यावर टाकता येत नाही.

सुनेने बराच विचार केला. मग अट घातली: पहिला आठवडा ती स्वतः तिथे जाऊन बसेल, काय म्हणतात, काय शिकवतात ते डोळ्यांनी बघेल, आणि पटले नाही तर दीनी नर्सरी. मला अट मान्य आहे. मुलगा अजून कुरकुरतो. सोमवारपासून जायचे आहे.