एक तिकीट, अनेक धनी

बसच्या तिकिटाच्या पाठीवर वाहकाने पेनाने मांडलेले आकडे आमच्या पिढीने पुष्कळ पाहिले आहेत. प्रवाशाने मोठी नोट पुढे करावी, वाहकाजवळ मोड नसावी. मग त्याने देणे राहिलेली रक्कम तिकिटाच्या पाठीवर लिहून ‘उतरताना मागून घ्या’ असे सांगावे आणि पुढच्या बाकाकडे वळावे. प्रवासी बहुधा घाईत उतरून जाई आणि ते तिकीट खिशात तसेच राही. आमच्या जुन्या पुस्तकांत खुणेसाठी घातलेली अशी दोनचार तिकिटे अजून सापडतात. त्यांवरची रक्कम आता कोणी देणार नाही, हे सांगायला नकोच.

पण क्षणभर विचार केला तर त्या चिटोऱ्यात एक मोठा प्रश्न दडलेला दिसेल. ते तिकीट म्हणजे भाड्याची पावती होती आणि त्याच वेळी येणे रकमेची चिठ्ठीही होती. मात्र ती चिठ्ठी मानणारा मनुष्य जगात एकच, तो वाहक. आणि तोही ती गाडी मुक्कामाला पोचेपर्यंत. मागून येणाऱ्या गाडीचा वाहक ती मानीत नसे, आणि रेल्वेच्या खिडकीवर तर ती दाखविण्याची सोयच नव्हती. एकाने घेतलेले पैसे दुसऱ्याने आपले समजून प्रवाशाला गाडीत घ्यावे, हे कशाच्या बळावर व्हावे? आज ज्याला स्मार्ट कार्ड म्हणतात, त्याचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. तो यंत्रविद्येचा इतिहास आहे असे सामान्यतः समजले जाते. आमच्या मते तो मुख्यतः हिशेबाचा इतिहास आहे, आणि तो कार्डाच्या जन्माच्या फार आधी सुरू होतो.

इंग्लंडात आगगाड्या धावू लागल्या तेव्हा तिकिटे हाताने लिहून देत असत. घोड्यांच्या टपालगाडीची ती रीत होती. टॉमस एडमंडसन नावाचा एक गृहस्थ, मूळचा फर्निचर बनविणारा कारागीर, धंद्यात दिवाळे निघाल्यामुळे १८३६ साली न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेवर एका लहानशा स्थानकाचा प्रमुख झाला. ओळीने क्रमांक घातलेली जाड पुठ्ठ्याची छापील तिकिटे आणि त्यांवर तारीख उमटविणारे यंत्र ही त्याची कल्पना. क्रमांक असल्यामुळे किती तिकिटे विकली हे सायंकाळी कोणालाही मोजता येई आणि तिकीट विकणाऱ्याला पैसे लपविता येत नसत. मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली धावली. त्यानंतर भारतातील अनेक पिढ्यांनी रेल्वेच्या खिडकीवर जे पुठ्ठ्याचे तिकीट घेतले, ते या एडमंडसनचेच होय.

परंतु क्रमांकाने एका कंपनीचा हिशेब सुटला, अनेक कंपन्यांचा नाही. तेथे गावोगावच्या रेल्वेकंपन्या निरनिराळ्या होत्या. लंडनहून उत्तरेकडे जाणारा प्रवासी वाटेत तीन कंपन्यांच्या रुळांवरून जाई. त्याने तीन वेळा उतरून तीन तिकिटे काढावीत की एकाच तिकिटावर पुढे जावे? एकच काढले तर पैसे पहिल्या कंपनीच्या गल्ल्यात जाणार. पुढच्या दोघींनी त्याला फुकट का न्यावे? हा पेच सोडविण्यासाठी १८४२ च्या जानेवारीत लंडनमध्ये रेल्वे क्लिअरिंग हाउस नावाची हिशेबसंस्था उघडण्यात आली. कोणत्या कंपनीच्या मार्गावरून प्रवासी किती मैल गेला हे पाहून भाड्याची वाटणी करावी आणि कंपन्यांनी परस्परांचे देणेघेणे वजा जाता उरेल तेवढेच चुकते करावे, असा तिचा परिपाठ. पुढे हजारो कारकून तेथे हेच काम करीत.

आमच्याकडील सराफी पेढ्यांचा व्यवहार ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात काही अपूर्व वाटणार नाही. पुण्याच्या पेढीवर पैसे भरून घेतलेली हुंडी काशीच्या पेढीवर वटत असे, ती कागदाच्या गुणामुळे नव्हे. दोन पेढ्यांमध्ये खाते होते, पत होती आणि ठराविक काळाने हिशेब मिटविण्याची रीत होती, म्हणून ती वटे. अनेक संस्थांच्या गाड्यांत चालणारे तिकीट ही एक हुंडीच आहे.

हे लक्षात ठेवले म्हणजे पुढचा इतिहास सुगम होतो. जर्मनीतील हँबुर्ग शहराने १९६५ साली आपल्या भुयारी रेल्वे, उपनगरी रेल्वे, बस आणि बोटी चालविणाऱ्या संस्थांचा एक संघ बनविला. एक वेळापत्रक, एक भाडेपत्रक व एक तिकीट हे त्याचे सूत्र. त्या वेळी त्या शहरात कोणाच्याही खिशात संगणकी चकती नव्हती. तिकीट कागदाचेच होते. एकी आधी झाली.

लंडनचा अनुभव याची उलट बाजू दाखवितो. तेथे बस आणि भुयारी रेल्वे एकाच व्यवस्थेखाली होत्या, त्यामुळे दोहोंस चालणारा ट्रॅव्हलकार्ड नावाचा पास १९८३ साली निघू शकला. उपनगरी गाड्या ब्रिटिश रेल या निराळ्या संस्थेच्या. त्यांना सामावणारा पास १९८५ साली आला. पुढे २००३ साली ऑयस्टर हे स्मार्ट कार्ड निघाले. कार्ड नवे, यंत्रे नवी, सर्व काही सिद्ध. पण मधल्या काळात रेल्वेचे खाजगीकरण होऊन तिच्या अनेक कंपन्या झाल्या होत्या. त्या सर्वांच्या लंडनमधील गाड्यांत कार्डातील शिलकेवर प्रवास करता येण्यास २०१० चा जानेवारी उजाडावा लागला. जे काम करण्यास यंत्राला अर्धा सेकंदही लागत नाही, ते करण्यास माणसांना सहा वर्षांहून अधिक काळ लागला.

आता त्या यंत्राविषयी थोडे सांगितले पाहिजे. प्लॅस्टिकच्या पत्रात सूक्ष्म संगणक बसविण्याची कल्पना जर्मनीतील ग्रोट्रुप व डेथलॉफ यांनी १९६८ च्या सुमारास आणि फ्रान्समधील रोलाँ मोरेनो याने १९७४ साली एकस्वासाठी मांडली. प्रवासाच्या कार्डात या चकतीभोवती तारेचे बारीक वेटोळे असते. कार्डात विद्युत्घट नसतो. दाराशी असलेल्या वाचकयंत्रातून रेडिओलहरी निघतात, वेटोळे जवळ येताच त्यात वीज उत्पन्न होते, आणि तेवढ्या विजेवर चकती जागी होऊन आपली ओळख पटविते, शिल्लक सांगते आणि भाडे वजा करून घेते. या झालेल्या व्यवहाराची नोंद यंत्रात राहते. अशा सर्व नोंदी मग मध्यवर्ती हिशेबगृहाकडे जातात आणि कोणाच्या वाट्याला किती आले हे तेथे ठरते. एडमंडसनचा क्रमांक आणि क्लिअरिंग हाउसचे कारकून, दोघेही या पत्रात येऊन बसले आहेत.

या दोहोंची उत्तम सांगड प्रथम हाँगकाँगने घातली. तेथील भुयारी रेल्वेने १९७९ साली काम सुरू केले तेव्हापासूनच चुंबकीय तिकिटे वापरली होती, आणि १९८४ पासून दुसऱ्या रेल्वेतही चालणारे आगाऊ भरण्याचे तिकीट तेथे होते. म्हणजे दोन संस्थांना एकमेकींचे पैसे मानण्याची सवय अगोदरच लागली होती. दोन रेल्वेसंस्था, दोन बसकंपन्या आणि एक फेरीबोटीची कंपनी अशा पाच जणांनी १९९४ साली मिळून एक सामायिक कंपनी काढली. गाडी चालविणे हे तिचे काम नव्हते. कार्ड देणे, पैसे सांभाळणे आणि वाटणी करणे एवढेच तिने करावयाचे. सोनी या जपानी कंपनीच्या विद्येवर आधारलेले ऑक्टोपस कार्ड १९९७ च्या १ सप्टेंबरला सुरू झाले. त्याच्या चिनी नावाचा आशय आठही दिशांस पोचविणारा असा आहे. अष्टदिशांची कल्पना आम्हांलाही परकी नाही.

पहिल्या तीन महिन्यांत ३० लाख कार्डे गेली. याला दोन कारणे झाली. एक तर जुनी चुंबकीय तिकिटे ठराविक मुदतीत बदलून घेणे रेल्वेने भाग पाडले. दुसरे कारण मौजेचे आहे. त्याच वर्षी १ जुलैला हाँगकाँग ब्रिटिशांकडून चीनकडे गेले. राणीचा मुखवटा असलेल्या नाण्यांना पुढे मोल येईल अशा समजुतीने लोकांनी ती घरात साठवून ठेवली, आणि बाजारात मोड मिळेनाशी झाली. मोडीअभावी तिकिटाच्या पाठीवर आकडे मांडणारा आमचा वाहक येथे आठवल्यावाचून राहत नाही.

दक्षिण कोरियाच्या सेऊल शहराने २००४ च्या १ जुलैपासून याहून पुढचे पाऊल टाकले. तेथील बस खाजगी कंपन्यांच्या होत्या आणि भरल्या मार्गावर प्रवाशांसाठी त्यांची चढाओढ चाले. ओस मार्गाकडे कोणी फिरकत नसे. शहराने मार्ग ठरविण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला, सर्वांचे उत्पन्न एकत्र केले आणि कंपन्यांना त्यांच्या गाड्या किती धावल्या यावरून मोबदला देण्यास आरंभ केला. प्रवाशाचे भाडेही बदलले. बस बदलली किंवा बसमधून भुयारी रेल्वेत गेला तरी प्रत्येक वेळी नवे भाडे न पडता एकूण अंतरावर आकारणी होऊ लागली. पहिल्या दिवसांत यंत्रे अडली आणि लोक संतापले. पण व्यवस्था टिकली. एक कार्ड आणि एक भाडे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे येथे स्पष्ट होते. कार्ड एक असूनही दर गाडीला नवे भाडे मोजावे लागले, तर प्रवाशाचे सुट्या पैशांचे कष्ट वाचतात, खर्च वाचत नाही.

येथवर जमेची बाजू झाली. खर्चाची बाजू न मांडता हिशेब बंद करणे बरे नव्हे.

पुठ्ठ्याचे तिकीट कोणाचे हे पुठ्ठ्याला ठाऊक नसे. कार्ड मात्र कोठे चढलो, कोठे उतरलो, केव्हा घरी परतलो याची टाचणे ठेवते. हाँगकाँगमध्ये २०१० साली असे उघड झाले की ऑक्टोपसच्या चालकांनी सुमारे २० लाख ग्राहकांची माहिती व्यापारी कंपन्यांना पुरविली आणि त्यातून ४ कोटी ४० लाख हाँगकाँग डॉलर मिळविले. लोकांत क्षोभ झाला, कंपनीच्या प्रमुखांना पद सोडावे लागले. ज्याच्या हाती गल्ला त्याच्याच हाती जाण्यायेण्याची वही, अशी स्थिती असली म्हणजे त्या वहीला कुलूप कोण लावणार हे आधी ठरले पाहिजे.

दुसरी गोष्ट रोकडीची. लंडनच्या बसनी २०१४ च्या ६ जुलैपासून नाणी घेणे बंद केले. त्या वेळी रोख देणारे प्रवासी शेकडा एकाच्या आसपास राहिले होते. पण हा शेकडा एक कोण? ज्याच्याजवळ कार्ड नाही किंवा ज्याच्या कार्डात ऐन रात्री शिल्लक नाही, तो. त्याचा विचार करून तेथील व्यवस्थेने एक नियम केला: कार्डात भाड्यापेक्षा कमी, पण काहीतरी शिल्लक असेल तर प्रवाशाला आणखी एक फेरी करू द्यावी आणि पैसे पुढच्या भरण्यातून वळते करावेत. गावच्या वाण्याने ओळखीच्या गिऱ्हाइकाला ‘उद्या द्या’ म्हणावे, तसाच हा प्रकार. यंत्राला एवढी माणुसकी शिकविता येते, मात्र कोणीतरी ती शिकविण्याचे मनावर घ्यावे लागते.

आता आमच्या घरचे. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम, १९२६ साली बस आणि २०१४ साली मेट्रो आली. रोकडीवाचून प्रवास ही कल्पनाही तेथे नवी नाही. महिन्याचा पास दाखवून लोकलने जाणारा चाकरमानी ती कित्येक पिढ्या आचरीत आला आहे. पण लोकल केंद्र सरकारची, बस महानगरपालिकेच्या उपक्रमाची, मेट्रो आणखी निराळ्या कंपन्यांच्या; आणि त्या पासाची सत्ता स्थानकाच्या पायरीवर संपते. पुण्यात दोन महापालिकांच्या बससेवा २००७ साली एक झाल्या आणि २०२२ साली मेट्रो धावू लागली, तीही निराळ्या संस्थेची. देशभर सर्व वाहनांत चालावे अशा हेतूने नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड २०१९ च्या मार्चमध्ये निघाले, आणि मुंबईतील ११ वाहतूकसंस्थांना एकत्र आणणारे मोबाइलवरील ॲप २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाले. प्रयत्न स्तुत्य आहेत. त्यांची कसोटी मात्र हाँगकाँग व सेऊलच्या इतिहासाने घालून दिलेली आहे. समाईक गल्ला कोण सांभाळणार, वाटणी कोणत्या न्यायाने होणार, बसमधून उतरून मेट्रोत जाणाऱ्याला दुसरे पूर्ण भाडे पडणार की नाही, आणि त्यात येणारी तूट कोणी सोसावयाची, या प्रश्नांना जितकी स्पष्ट उत्तरे मिळतील तितकेच कार्ड उपयोगी पडेल.

वाहकाने तिकिटाच्या पाठीवर लिहिलेली रक्कम बुडाली, ती त्याच्या अप्रामाणिकपणामुळे नव्हे. तो मनुष्य बिचारा द्यावयास तयार होता. त्याची अक्षरे मानणारे दुसरे कोणी नव्हते, म्हणून ती बुडाली. एकाच शहरात गाड्या चालविणाऱ्या संस्था परस्परांची अक्षरे ज्या दिवशी मानू लागतील, त्या दिवशी तिकीट पुठ्ठ्याचे आहे की प्लॅस्टिकचे याची विचारपूस करण्याचे कारण प्रवाशास उरणार नाही.