राऊ (कादंबरी)

राऊ ही ना. सं. इनामदार (१९२३–२००२) यांची मराठी ऐतिहासिक कादंबरी असून ती १९७२ साली प्रसिद्ध झाली. पहिले बाजीराव पेशवे आणि मस्तानी यांचे प्रेम व त्याला पेशवे कुटुंबातून आणि पुण्याच्या ब्रह्मवृंदाकडून झालेला विरोध हा तिचा विषय आहे. ‘राऊ’ हे बाजीरावांचे घरगुती संबोधन होय. वाचकप्रिय ठरलेल्या या कादंबरीविषयी वाचकांत मतभेदही आहेत. त्यांच्या मुळाशी एक प्रश्न आहे: बुंदेलखंडातून पुण्यास आलेली मस्तानी स्वतःच्या इच्छेने आली, की ती दिली गेली?

ऐतिहासिक पार्श्वभूमी

महंमदखान बंगश याने बुंदेलखंडाचा राजा छत्रसाल याला जैतपूर येथे कोंडीत पकडले, तेव्हा १७२९ च्या मार्च महिन्यात बाजीराव त्याच्या मदतीस धावून गेले. या उपकाराची फेड म्हणून छत्रसालाने बाजीरावांना पुत्रवत मानून राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा दिला. मस्तानीचा बाजीरावांशी संबंध याच काळापासून जोडला जातो.

ती छत्रसालाची कन्या होती, की दरबारातील नर्तकी, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. विवाहाविषयीही तसेच आहे. वर हजर नसल्यास त्याच्या तलवारीशी वधूचे लग्न लावण्याची ‘खांडा’ पद्धत राजपूत व मराठा सरदार घराण्यांत रूढ होती. मस्तानीचा विवाह याच पद्धतीने झाला, असे एक मत आहे.

मस्तानीला १७३४ मध्ये पुत्र झाला. तो पुढे समशेर बहादर या नावाने प्रसिद्ध झाला. १७४० च्या आरंभी मस्तानी पुण्यात नजरकैदेत होती. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचे निधन झाले. त्यानंतर अल्पकाळातच मस्तानीही वारली. तिची कबर पाबळ येथे आहे. समशेर बहादर १७६१ च्या पानिपत संग्रामात लढला व जखमांमुळे मरण पावला. बांद्याचे नबाब हे त्याचेच वंशज होत.

वाङ्मयीन पार्श्वभूमी

रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ (१९६२) या कादंबरीनंतर पेशवाईवरील कादंबरीला मोठा वाचकवर्ग लाभला. इनामदारांनी ‘झेप’मध्ये त्रिंबकजी डेंगळे, ‘झुंज’मध्ये यशवंतराव होळकर आणि ‘मंत्रावेगळा’मध्ये दुसरा बाजीराव यांना नायक केले. इतिहासाने दोषी ठरवलेल्या किंवा उपेक्षिलेल्या व्यक्तींची बाजू मांडण्याचा त्यांचा कल ‘राऊ’तही दिसतो. १९९७ साली अहमदनगर येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

वाचकांची मते

अनुकूल मत असे की, रणांगणावर अजिंक्य असलेला पुरुष स्वतःच्या घरात हतबल होतो, हा विरोध कादंबरीत प्रभावीपणे उतरला आहे. पालखेडच्या विजेत्याला आपल्या मुलाला कुळाचे संस्कार मिळवून देता येत नाहीत, हे शल्य अनेक वाचकांना युद्धवर्णनांपेक्षा अधिक भिडते. राधाबाई व चिमाजी आप्पा यांच्या विरोधामागे केवळ दुष्टावा नसून घराण्याच्या प्रतिष्ठेची धास्ती आहे, असेही या वाचकांना जाणवते.

दुसरा आक्षेप इतिहासाच्या बाजूचा आहे. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांतून (१९३०–३४) त्या काळातील कौटुंबिक पत्रे उजेडात आली, तरी मस्तानीविषयीच्या समकालीन नोंदी तुटपुंज्या आहेत व त्या बहुतांशी इतरांच्या आहेत. कादंबरीकाराने ही पोकळी कल्पनेने भरली, आणि पुढे वाचक तीच कल्पना इतिहास म्हणून सांगू लागले, अशी तक्रार केली जाते. द. ग. गोडसे यांनी ‘मस्तानी’ या पुस्तकात तिची रूढ नर्तकी-प्रतिमा तपासून छत्रसालाच्या प्रणामी संप्रदायाच्या संदर्भात तिचा वेगळा विचार मांडला. कादंबरीसोबत ते पुस्तक वाचल्यास दोन प्रतिमांमधील अंतर ध्यानात येते.

तिसरे मत स्त्रियांच्या बाजूने येते. चासच्या जोशी घराण्यातील काशीबाई आणि बुंदेलखंडातील मस्तानी या दोघींचेही विवाह इतरांनी ठरवले. कथा मात्र ‘राऊ’च्या नावाने सांगितली गेली. प्रेमकथेच्या तेजात काशीबाईंचे दुःख झाकोळते काय, असा प्रश्न या वाचकांना पडतो.

अन्य साहित्याशी तुलना

दूरदेशीहून आलेल्या वधूची कथा इतरत्रही लोकप्रिय आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिम भागात वस्ती करणारे पुरुष वृत्तपत्रात जाहिरात देऊन पत्रव्यवहाराने लग्न जमवीत. त्यावर तेथे ऐतिहासिक प्रेमकथांचा एक स्वतंत्र प्रकारच निर्माण झाला. पॅट्रिशिया मॅक्लॅकलन यांच्या ‘सारा, प्लेन अँड टॉल’ (१९८५) या बालकादंबरीतील सारा अशाच जाहिरातीला उत्तर देते, पत्रे लिहिते आणि प्रथम महिनाभर राहून पाहते. या पुस्तकाला १९८६ चे न्यूबेरी पदक मिळाले. साराचे ‘हो’ वाचकाला तिच्या पत्रांतून कळते. मस्तानीचे मन मात्र कादंबरीकाराच्या शब्दांतूनच कळते. म्हणूनच ‘राऊ’वरील वाद पुराव्यापाशी संपत नाही.

रूपांतर व अनुवाद

संजय लीला भन्साळी यांचा ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) हा हिंदी चित्रपट या कादंबरीवर आधारित आहे. त्यातील ‘पिंगा’ या गीतात काशीबाई व मस्तानी एकत्र नाचताना दाखवल्याबद्दल पेशव्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला. विक्रांत पांडे यांनी केलेला कादंबरीचा इंग्रजी अनुवादही उपलब्ध आहे. चित्रपटामुळे कादंबरीला नवा वाचक लाभला आणि इतिहास व कल्पना यांच्या सीमेविषयीची जुनी चर्चा पुन्हा सुरू झाली.