दिवाडी आणि चोडण : मांडवीतील दोन हिरवी बेटे

पोर्तुगिजांचे हिरवे बेट म्हटले, की प्रवासवर्णनांच्या वाचकास अटलांटिक महासागरातील मदैरा आठवते. डोंगरउतारावरील मळे, दाट जंगले आणि बेटाच्या ओल्या उत्तर भागातील पाणी कोरड्या दक्षिणेकडे नेणारे 'लेवादा' नावाचे पाट यांसाठी ते जगप्रसिद्ध आहे. बीडसारख्या जिल्ह्यातील कुटुंबाला मात्र पारपत्र, व्हिसा आणि दोन-तीन विमाने बदलून तेथे जाणे सहजसाध्य नाही. अशा कुटुंबासाठी मांडवी नदीच्या मुखाजवळची दिवाडी आणि चोडण ही बेटे आहेत. १५१० मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यात गेलेली ही भूमी १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाली. साडेचारशे वर्षांच्या त्या राजवटीत आजच्या तिसवाडी तालुक्याचे सरकारी नावच 'इल्हास', म्हणजे 'बेटे', असे होते.

गोव्याला जाणारा बहुतेक पर्यटक समुद्रकिनारा पाहून परततो. जुन्या गोव्यातील चर्चपर्यंत येणारेही समोरच्या तीरावरील हिरवाईकडे दुरूनच पाहतात. ती हिरवाई म्हणजेच दिवाडी. फेरीबोटीने काही मिनिटांत तेथे पोहोचता येते. दुष्काळाच्या झळा सोसणाऱ्या बालाघाटातील माणसासाठी या बेटांवर पाहण्यासारखे विशेष काही आहे. बीड जिल्ह्याचे वार्षिक सरासरी पर्जन्यमान साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर, तर गोव्याचे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. पाणी फार झाले आणि त्यातही ते खारे असले, तर माणूस शेती कशी करतो, याचे उत्तर दिवाडी आणि चोडणच्या बांधांवर उभे राहिल्यावर मिळते.

खाजनाची शेती

मांडवीच्या मुखाकडील या भागात दिवसातून दोनदा भरती येते आणि समुद्राचे खारे पाणी नदीपात्रातून आत शिरते. बेटांच्या काठची सखल जमीन त्यामुळे खारवट आणि दलदलीची. गोव्यातील गावकऱ्यांनी पोर्तुगीज येण्याच्याही पुष्कळ आधीपासून मातीचे बांध घालून ही जमीन लागवडीखाली आणली. तिला 'खाजन' म्हणतात. बांधाला ठरावीक ठिकाणी लाकडी दारे असतात. हे दार म्हणजे 'मानस'. भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की दार आपोआप मिटते. ओहोटीला आतल्या पाण्याचा जोर वाढला की ते उघडते आणि शेतातील जादा पाणी नदीत निघून जाते. मृगापासून कोसळणारा पाऊस जमिनीतील खार धुऊन काढतो, आणि मग खारटपणा सोसणाऱ्या 'कोरगुट' जातीच्या भाताची लागवड होते. मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मिळणारी मासळी हे त्या व्यवस्थेचे दुसरे उत्पन्न होय.

बांध राखणे हे पूर्वी गावकीचे सामाईक काम होते. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ही जबाबदारी कूळ संघांकडे आली. माणूसबळ घटले, शेती परवडेनाशी झाली, आणि अनेक ठिकाणी फुटलेले बांध वेळेवर बुजवले गेले नाहीत. एकदा खारे पाणी आत शिरले, की काही हंगाम भात पिकत नाही आणि हळूहळू खारफुटी वाढू लागते. पर्यटकाला दिसणारी हिरवाई त्यामुळे दोन प्रकारची असते. एक राखलेल्या भातशेतीची, दुसरी सोडून दिलेल्या शेतात उगवलेल्या खारफुटीची. हा फरक ओळखून पाहिल्यास बेट अधिक समजते. बीड शहराजवळची निजामशाहीच्या काळातील खजाना विहीर ज्याने पाहिली आहे, तिचे पाणी भूमिगत मार्गाने शेतांपर्यंत नेण्याची युक्ती ज्याला ठाऊक आहे, त्याला मानशीचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही. एके ठिकाणी पाणी आणण्याची कला, दुसऱ्या ठिकाणी ते थोपविण्याची.

सप्तकोटेश्वराचे स्थलांतर

दिवाडी बेटाचे मराठी इतिहासाशी नाते आहे ते सप्तकोटेश्वरामुळे. हे गोव्याच्या कदंब राजांचे आराध्य दैवत. त्याच्या वरप्रसादाचा उल्लेख कदंब आपल्या बिरुदात आणि नाण्यांवर अभिमानाने करीत. दिवाडीवरील नार्वे येथे त्याचे मूळ मंदिर होते. चौदाव्या शतकात बहामनी आक्रमणात ते उद्ध्वस्त झाले आणि विजयनगरच्या माधवमंत्र्याने ते पुन्हा उभारले. सोळाव्या शतकात, १५४० च्या सुमारास, पोर्तुगिजांनी ते पाडले. भाविकांनी लिंग नदीपलीकडे, पोर्तुगीज अंमलाबाहेरील डिचोली भागात नेले. ज्या गावी ते स्थापिले, त्या गावालाही नार्वे हेच नाव मिळाले. १६६८ च्या नोव्हेंबरात छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली. तसा शिलालेख मंदिराच्या दारावर आहे. गोवा शासनाने केलेल्या अलीकडच्या जीर्णोद्धारानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये मंदिर पुन्हा भाविकांसाठी खुले झाले.

परळीच्या वैजनाथाची वारी करणाऱ्या शिवभक्ताने ही दोन्ही स्थळे एकाच दिवशी पाहावीत. बेटावर मूळ स्थानाजवळचे कोटितीर्थ हे जुने तळे आहे. तेथून फेरीबोटीने नदी ओलांडली की पलीकडे नार्वे. लिंग ज्या पाण्यावरून नेले गेले, तेच पाणी ओलांडून मंदिरात जाता येते.

बेटावरचे दुसरे महत्त्वाचे स्थळ म्हणजे पिएदाद गावाच्या टेकडीवरील चर्च. आजची इमारत अठराव्या शतकाच्या आरंभीची. शेजारच्या दफनभूमीतील लहानशा चॅपेलमध्ये कदंबकालीन कोरीव दगडकाम दिसते. टेकडीवरून मांडवीचे पात्र, खाजने आणि पैलतीरावरील जुन्या गोव्याचे मनोरे एका दृष्टिक्षेपात येतात.

बोंदेरा : बांधाच्या भांडणाचा उत्सव

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर 'बोंदेरा' साजरा होतो. पोर्तुगीज भाषेत ध्वजाला 'बांदेरा' म्हणतात, त्यावरून हे नाव. गावातील वाड्यांमध्ये जमिनीच्या हद्दीवरून तंटे होत. ते मिटविण्यासाठी पोर्तुगिजांनी हद्दीवर निशाणे रोवली, आणि विरुद्ध बाजूचे लोक दगड मारून ती पाडू लागले, अशी या उत्सवामागची कथा सांगितली जाते. आज त्या भांडणाची नक्कल होते. निशाणांची मिरवणूक निघते आणि मुले बांबूच्या खेळण्यातील बंदुकांतून रानफळांचा मारा करतात. बांधाच्या कोरासाठी पिढ्यान्पिढ्या तहसील आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजविणाऱ्या आपल्याकडील शेतकऱ्याला हा उत्सव हसविल्याशिवाय राहणार नाही. या दिवशी फेरीबोटींवर प्रचंड गर्दी असते. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असल्यास सकाळी लवकरच बेटावर पोहोचावे.

पक्ष्यांचे चोडण

दिवाडीच्या पश्चिमेचे चोडण हे बेट आकाराने मोठे. पोर्तुगीज काळात सरदार-उमरावांची वस्ती असल्याने ते 'फिदाल्गोंचे बेट' म्हणून ओळखले जाई. त्याच्या पश्चिम टोकाला, फेरी धक्क्यापासून जवळच, डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र अवघे १.७८ चौरस किलोमीटर, आणि ते जवळजवळ पूर्णपणे खारफुटीचे. बगळे, खंड्याच्या विविध जाती, ब्राह्मणी घार आणि हिवाळ्यात येणारे स्थलांतरित पक्षी येथे दिसतात. चिखलात उड्या मारणारे मासे आणि एकच नांगी मोठी असलेले खेकडे मुलांना खिळवून ठेवतात. नायगावच्या अभयारण्यात मोर पाहिलेल्या बीडच्या मुलांसाठी हे जग सर्वस्वी निराळे आहे.

अभयारण्यात पायवाटेने फिरता येते. होडीतून आतल्या खाड्या पाहायच्या असतील, तर भरतीची वेळ साधावी लागते, कारण ओहोटीला पाणी उथळ होते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून जाण्याच्या दिवसाचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधीच पाहून ठेवावे.

केव्हा जावे

हिरवाई पाहायची असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर उत्तम. भातखाचरे तेव्हा भरात असतात, मात्र पाऊस फिरणे अडवू शकतो. पक्षी पाहायचे असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दिवाळीची सुटी संपताच, सोयाबीनची रास झाल्यानंतरचे दिवस शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने सोयीचे. नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळावा. निवासाचे दर त्या काळात कमालीचे वाढतात. मे महिन्याच्या सुटीत दमट उकाडा असतो आणि खाजने कोरडी पडलेली असतात.

कसे जावे

बीड ते पणजी हे अंतर रस्त्याने सहाशे किलोमीटरहून अधिक आहे. मांजरसुंबा, चौसाळा, धाराशिव, तुळजापूरमार्गे सोलापूर, तेथून सांगोला, मिरज, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव आणि चोर्ला घाटाने साखळीमार्गे पणजी, असा सरळ मार्ग आहे. भाड्याची क्रूझर किंवा टेम्पो ट्रॅव्हलर घेतल्यास थांबे धरून पंधरा तास तरी लागतात. एकाच चालकावर रात्रभराचा घाटरस्ता सोपवू नये.

रेल्वेने जाणाऱ्यास परळी वैजनाथ हे सोयीचे स्थानक. तेथून लातूर, कुर्डुवाडी, पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत गाड्या आहेत. मिरजेहून बेळगाव, लोंढामार्गे मडगावकडे जाणारी गोवा एक्स्प्रेस मिळते. ही गाडी दूधसागर धबधब्यासमोरून जाते. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड शहरही अहिल्यानगरशी रेल्वेने जोडले गेले. मात्र गोव्याला जाण्यासाठी त्या मार्गाने वळसा पडतो. पुण्याहून विमानाने जायचे असल्यास गोव्यात दाबोळी आणि, २०२३ पासून, मोपा असे दोन विमानतळ आहेत. तिकीट काढताना कोणता विमानतळ आहे ते नीट पाहावे.

दिवाडीवर अद्याप पूल नाही. जुन्या गोव्यातील व्हाइसरॉय कमानीजवळचा धक्का, रायबंदरच्या बाजूचा साव पेद्रूचा धक्का आणि उत्तरेकडील नार्वे अशा तीन ठिकाणांहून फेरीबोटी आहेत. चोडणला रायबंदरहून फेरीबोट आहे, शिवाय मयेच्या बाजूने रस्त्यानेही जाता येते. रायबंदर-चोडण मार्गावर जुलै २०२५ मध्ये मोठ्या रो-रो बोटी सुरू झाल्या. पहाटेपासून रात्रीपर्यंत फेऱ्या असल्या, तरी शेवटच्या बोटीची वेळ धक्क्यावर विचारूनच पलीकडे जावे.

तीन दिवसांची आखणी

पहिला दिवस : दुपारपर्यंत पणजीत मुक्काम टाकून जुने गोवे पाहावे. बॉम जेझस बासिलिका आणि से कॅथेड्रल यांसह येथील वास्तू १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पणजी आणि जुने गोवे येथे गोवा पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने आहेत.

दुसरा दिवस : सकाळी लवकर जुन्या गोव्याहून दिवाडी. पिएदादची टेकडी, खाजनाच्या बांधावरून फेरफटका, कोटितीर्थ. दुपारी नार्वेची फेरीबोट धरून सप्तकोटेश्वराचे दर्शन आणि डिचोलीमार्गे पणजी. बेटावर खानावळी मोजक्याच आहेत. शाकाहारी मंडळींनी फराळ आणि पाणी बरोबर ठेवावे.

तिसरा दिवस : भरतीच्या वेळेनुसार चोडणचे अभयारण्य. उरलेल्या वेळात मये तलाव पाहून परतीचा प्रवास.

जुन्या गोव्याच्या दिवशी चर्चच्या नियमांप्रमाणे अंगभर कपडे असावेत. बेटावरील जुनी घरे ही प्रदर्शनाची नव्हेत, तेथे कुटुंबे राहतात. परवानगीवाचून अंगणात शिरणे, छायाचित्रे घेणे टाळावे. मातीच्या बांधांवर वाहन घालू नये, मानशीच्या दारांना हात लावू नये. एक दार अडकून राहिले तरी आतल्या शिवारात खारे पाणी शिरते.

देवदर्शनाचा मोह आवरावा

आपल्याकडील सहली फसतात त्या बहुधा वाटेवरील थांब्यांमुळे. निघताना तुळजापूर, वाट वाकडी करून पंढरपूर, मग कोल्हापूरची अंबाबाई, असे करीत गोव्यात पोहोचेपर्यंत दीड दिवस जातो आणि बेटांसाठी जेमतेम एक संध्याकाळ उरते. दर्शने परतीच्या प्रवासात ठेवावीत. वेळ एकाच बेटापुरता असेल, तर दिवाडी निवडावे. नदी, शेती, मंदिर आणि चर्च हे सर्व तेथे पायी फिरण्याच्या किंवा दुचाकीच्या टप्प्यात आहे.

दिवाडीवर पूल व्हावा की नाही, याविषयी बेटावरच मतभेद आहेत. कोणाला रात्री-अपरात्री आजाऱ्याला नेण्याची सोय हवी आहे, तर कोणाला पुलाबरोबर येणाऱ्या वाहनांची आणि बांधकामांची धास्ती वाटते. दोन्ही बाजू समजून घेण्याजोग्या आहेत. आज तरी बेटावरचा दिवस फेरीबोटीच्या वेळांनी ठरतो. पर्यटकाने आपले वेळापत्रकही तिच्याच चालीने आखावे.