ऑनलाइन खरेदीमुळे बाजाराची फेरी खरोखर वाचते का?

घरबसल्या मागवलेली वस्तू दारात आली की बाजाराची एक फेरी वाचली, असा सर्वसाधारण समज आहे. वाहतुकीच्या अभ्यासकांच्या मते हे गणित इतके सरळ नाही.

दूरसंचार आणि प्रवास यांच्यातील संबंधांचा आढावा इस्रायलमधील अभ्यासक इलान सालोमन यांनी १९८६ मध्ये घेतला. ऑनलाइन खरेदीचा वाहतुकीवर होणारा परिणाम अमेरिकेतील पॅट्रिशिया मोख्तारियन यांनी २००४ मध्ये तपासला. या विषयात चार शक्यता मानल्या जातात. ऑनलाइन खरेदी दुकानातील फेरीची जागा घेते, हा पहिला प्रकार पर्यायाचा. मोबाइलवर पाहिलेली वस्तू हाताळून घेण्यासाठी ग्राहक दुकान गाठतो, हा दुसरा प्रकार पूरकतेचा. तिसऱ्या प्रकारात फेरी होतेच, मात्र तिची वेळ, ठिकाण किंवा साधन बदलते. चौथ्या प्रकारात प्रवासावर काहीच परिणाम होत नाही.

घरबसल्या खरेदी भारताला नवी नाही. टपाल खात्याची व्ही.पी.पी. सेवा १८७७ मध्ये सुरू झाली. वस्तू हाती पडल्यावर पैसे देण्याची सोय तिच्यात होती. फ्लिपकार्टने २०१० मध्ये हीच सोय ऑनलाइन खरेदीला जोडली. दुसरीकडे, २०१० मध्ये ऑनलाइन चष्मेविक्री सुरू करणाऱ्या लेन्सकार्टने पुढे शहरोशहरी दुकाने उघडली. दुकान आणि संकेतस्थळ परस्परपूरक ठरू शकतात, हे त्यातून दिसते.

प्रवास वाचतो की वाढतो, हे मुख्यतः दोन बाबींवर ठरते. पहिली बाब म्हणजे टळलेली फेरी कशाने होणार होती. मोटारीने होणाऱ्या अनेक फेऱ्यांऐवजी एकच गाडी एका मार्गावरील बरीच पार्सले पोहोचवत असेल, तर इंधन आणि रस्त्यावरील जागा वाचते. मात्र कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पायी जाणे किंवा कामावरून परतताना वाटेत भाजी घेणे, या फेऱ्यांना वेगळे वाहन लागतच नाही. त्यांच्या जागी दुचाकीवरून घरपोच सेवा आली, तर रस्त्यावर एक वाहन वाढते. दुसरी बाब वितरणाच्या पद्धतीची. काही मिनिटांत वस्तू पोहोचवण्याचे वचन दिले की अनेक मागण्या एकत्र करण्यास वेळ उरत नाही. न बसलेले कपडे परत पाठवले, की त्यासाठीही आणखी एक खेप होते.

ग्राहकाचा प्रवास अशा वेळी नाहीसा होत नाही. तो वितरण कर्मचाऱ्याच्या वाट्याला येतो. २०११ च्या जनगणनेत कामाच्या ठिकाणी जाण्याचे अंतर आणि साधन विचारले गेले. खरेदीच्या फेऱ्यांविषयी प्रश्न नव्हता. त्यामुळे शहराचे वाहतूक नियोजन करताना माणसांच्या फेऱ्यांबरोबर पार्सलांच्या फेऱ्याही मोजणे आवश्यक ठरते. गाड्या थांबवण्याची जागा, पदपथ आणि वितरण कर्मचाऱ्यांची सुरक्षितता यांचे निर्णय या मोजणीवरच अवलंबून आहेत.